श्रावणात धुतलेला कडा

तात्या, दहाव्याला कावळा लगेच शिवला.

तुमच्या पुतण्यानं, संतोषनं, पिंड ठेवून पाठ वळवली आणि तो आमच्यापर्यंत पोहोचायच्या आत समोरच्या बाभळीवरून कावळा खाली आला. त्यानं भाताला चोच लावली, तुमच्यासाठी ठेवलेल्या गोडीशेवेचा एक तुकडा उचलला आणि धरणाच्या पाण्यावरून निघून गेला. जमलेल्या माणसांना बरं वाटलं. "तात्यानं जित्तेपणी कुणाला ताटकळत ठिवलं न्हाई, आताबी न्हाई," तुमचे शेजारी म्हणाले. काही मागं राहिलं नाही, माणूस सुखानं गेला, असं एकमेकांना सांगत सगळे चहाकडं वळले.

मी मात्र तयारी करून आलो होतो. कावळा अडला की घरची माणसं पुढं होऊन एकेक शब्द देतात, लेकीकडं बघू, शेत विकणार नाही. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलेलं. तुमचा कावळा अडणार याची मला खात्री होती, आणि तो माझ्यासाठीच अडणार याचीही. भोरहून गाडी चालवत येताना मी वाक्य जुळवलं होतं: तात्या, त्या अहवालात जे चुकीचं गेलं ते मी दुरुस्त करून देतो. चारचौघांत, संतोषच्या देखत एकदा बोललो की मला माघार घेता येणार नाही, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही ती वेळच येऊ दिली नाहीत. वाक्य तोंडात तसंच ठेवून मी चहा प्यायलो आणि परत आलो.

जे तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी उत्रोलीतल्या एका घराच्या नकाशात जिना काढत होतो. "दादा, तात्या गेलं," तुमची लेक शोभा एवढंच बोलली. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि जिना पुरा केला. पायऱ्या मोजल्या, कठडा काढला, मापं लिहिली, कागद गुंडाळून ठेवला. मग हात धुतले आणि तिच्या घरी, कामथडीला निघालो. "बरं" म्हटल्याची नंतर लाज वाटली. रडू मात्र आलं नाही, ते अजूनही आलेलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर गालाला सुई देतात ना, तसं आहे सगळं. गाल आहे हे कळतं, पण चावला गेला तरी दुखत नाही.

आपली ओळख टेपनं झाली. मी विशी ओलांडलेला, वेल्ह्याकडं मोजणीच्या कामावर तात्पुरता लागलेला. तुमच्या वाडीच्या वरच्या पठारावर मोजणी निघाली आणि टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस आलाच नाही. तुम्ही तिथं गुरं घेऊन आला होतात. थोडा वेळ माझी धांदल पाहिलीत आणि म्हणालात, "आणा हिकडं." दिवसभर तुम्ही ते टोक धरलंत. टेप ताणून धरा, मधे झोळ पडला की माप जास्त येतं, असं मी सांगितलं. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "झोळानं जमीन वाढती व्हय? मंग आमची झोळातच मोजा, भाऊसाहेब." मी कायम नोकरीत नाही, मला भाऊसाहेब म्हणू नका, म्हटल्यावर तुम्ही मला टेम्परवारी भाऊसाहेब केलंत. नोकरी सुटली, भोरात मी घरांचे नकाशे काढायला लागलो, केस पांढरे झाले, तरी तुमच्या तोंडी तेच राहिलं.

त्या दिवशी दुपारची भाकरी खायला तुम्ही मला पठाराच्या टोकाला नेलंत. मी तोवर गिधाड खालूनच पाहिलेलं, आभाळातला एक ठिपका. तिथं कड्यावर बसल्यावर ते आपल्या पायांखालून गेलं. मी पहिल्यांदाच गिधाडाची पाठ पाहिली. रुंद, मळकट, आणि तिच्यावर ऊन पडलेलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, पक्ष्याकडं नाही. दुसऱ्याला एखादी गोष्ट दाखवताना तुम्हाला तिच्यापेक्षा त्याचं तोंड बघायला आवडायचं.

गिधाडं मोजायची तुमची रीत वेगळी होती. दुर्बीण नाही, वही नाही. दिवाळी झाली की खालच्या ओढ्यातल्या एका ठरलेल्या दगडावर जाऊन बसायचं आणि कड्याचे पांढरे पट्टे मोजायचे. जिथं जोडी अंड्यावर बसते तिथं रोजची विष्ठा खाली ओघळते आणि काळ्या दगडावर कुणी चुन्याची बादली ओतल्यासारखा पट्टा उतरतो. एक ताजा पट्टा म्हणजे एक संसार. बाजाराला भोरला आलात की माझ्याकडं चहा घेताना तुम्ही आकडा सांगायचात. सुरुवातीला अकरा होते. मग नऊ. मधे एक वर्ष तुम्ही नुसतीच मान हलवलीत.

वाडीतलं जनावर मेलं की ते पठाराच्या टोकाला टाकायची तुमच्याकडं जुनी वहिवाट. कधीतरी एक साहेब येऊन सांगून गेले की दुखणं थांबवायची एक सुई गुरांना देतात, तसं जनावर खाल्लं की गिधाड मरतं. बाकीचे पंधरा दिवसांत विसरले. तुम्ही विसरला नाहीत. कुणाची गाय गेली की तुम्ही दारात उभे: "सुई कंची दिली व्हती?" दिली असेल तर स्वतः कुदळ घेऊन खड्डा काढायचा, नसेल तर पठारावर न्यायला हात लावायचा. पोरं चिडवायची की तात्या माणसाच्या मयतीलाबी आधी सुई विचारंल. मीही हसलोय त्यावर. एवढं कशासाठी करता, असं एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मेलेलं ढोर ते दोन दिसात साफ करत्यात. न्हाईतर ती घाण ओढ्यात उतरती, आन् त्या ओढ्याचं पाणी आमी पितो. फुकटचं सफाईवालं हायेत. त्यांस्नी एवढं तरी बघाय नको?"

आता श्रावणाकडं येतो. किती वेळ टाळणार.

संतोषच्या घराचा नकाशा काढायला मी एका श्रावणात वाडीवर आलो होतो. काम झाल्यावर तुम्हाला म्हटलं, चला, पट्टे दाखवा. आपण ओढ्यापर्यंत गेलो. धुकं मधेच विरलं आणि समोर सगळा कडा काळाकुळकुळीत, वरपासून खालपर्यंत पाणी गळतंय. पांढरं कुठंच काही नाही. तुम्ही म्हणालात, "आता काय दाखवू? पिल्लं उडाली, पावसानं कडा धुतला. श्रावणात गिधाडाचं घर माजं मलाच वळकू येत न्हाई, तुमाला काय येणार?"

तुम्ही ते सहज सांगितलंत, ओळखीच्या माणसाला सांगतात तसं. मी ते विसरलो असतो तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मालकांनी रिसॉर्टसाठी पठारावरची जमीन घेतली. त्यात संतोषचाही तुकडा गेला. रिसॉर्टच्या आराखड्याचं काम माझ्याकडं आलं. आयुष्यभर जिने आणि न्हाणीघरं काढलेल्या माणसाला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळत होतं, आणि मी ते मिरवलंही. मालक वाईट नव्हते, हे तुम्हीही म्हणायचात. बूट काढून घरात यायचे, तुमच्या हातचा कोरा चहा प्यायचे. पण त्यांना खोल्या कड्याच्या काठावर रांगेनं हव्या होत्या आणि पाहुण्यांना गिधाडं आवडणार नाहीत अशी त्यांची समजूत होती. म्हणून आराखड्यात त्या जागेचं नाव पडलं ईगल पॉईंट. म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, गरुडाचा कडा. तुम्ही पोट धरून हसलात. "पोरगी आमची, आन् सासरी न्हेताना नाव बदललं म्हना की. गरुड म्हना न्हाईतर कोंबडं म्हना, नांदू द्या म्हंजी झालं."

तुम्ही रिसॉर्टच्या विरोधात नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण दहाव्याला दोघं-तिघं तसं बोलताना मी ऐकलं. संतोष रोज कापूरहोळच्या गॅरेजला जाऊन राबतो, अंधार पडल्यावर घरी येतो, त्याला घराजवळ काम हवं, हे तुम्हाला मान्य होतं. तो तुमच्यावर चिडायचा. "गिधाडं मला कामावर घेणार हायेत का, तात्या?" असं त्यानं माझ्यासमोर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "न्हाई घेणार. पर त्यांनी तुला घेतलं न्हाई म्हून तू त्यांस्नी काढू नगं."

आणि मग तुम्ही मला म्हणालात, टेप आणा.

तो दिवस चांगला गेला, तात्या. आपण पुन्हा टेपची दोन टोकं धरली. कड्याच्या काठापासून मागं जांभळींच्या रांगेपर्यंत मोजलं. खोल्या जांभळींच्या मागं बसवायच्या. मधला माळ मोकळा सोडायचा, तिथं दिवा नाही, भोंगा नाही. दिवाळीपासून पिल्लं उडेपर्यंत फटाके नाहीत. राहिली मेलेली जनावरं टाकायची जागा. पाहुण्यांच्या नाकाला ती चालणार नाही, हे तुम्हीच आधी बोललात. पलीकडच्या डोंगरसोंडेवर जागाही तुम्हीच दाखवलीत. मूठभर वाळलं गवत हवेत सोडलंत आणि ते दुसऱ्या खोऱ्याकडं गेलं. "वारा हिकडं येत न्हाई. माणसाला वास न्हाई, पाखराला उपास न्हाई." मी घरी जाऊन तसा नकाशा काढला. माझ्या हातून झालेल्या चांगल्या नकाशांपैकी तो एक आहे. त्यात रिसॉर्ट होतं, संतोषची नोकरी होती, आणि कडाही होता.

मालकांनी तो बराच वेळ पाहिला. चांगला आहे म्हणाले. "पण खिडकी उघडली की दरी दिसली पाहिजे. पुण्याहून लोक जांभळी बघायला येत नाहीत." तिथं मी भांडायला हवं होतं. निदान एकदा म्हणायला हवं होतं की दरी पाहायला माळावरून चार पावलं चालता येतं. मी "बघू" म्हणालो आणि नकाशा खणात ठेवला. तुम्हाला सांगितलं की मालक विचार करतायत.

पुढं बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडायला जागेची पाहणी करून अहवाल द्यायचा होता. त्यात वन्यपक्ष्यांबद्दल एक रकाना होता आणि खाली माझी सही. खोटं लिहा असं मला कुणी सांगितलं नाही. पाहणीला कधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच मालक म्हणाले. कागद माझ्या हातात पडले तेव्हा वैशाख होता. वैशाखात गेलो असतो तर पट्टे दिसले असते, कदाचित उडायच्या बेतातलं पिल्लूही दिसलं असतं. मी थांबलो. आधी लग्नसराई आहे म्हणून, मग कामं आहेत म्हणून. मी कशासाठी थांबतोय हे मला कळत होतं.

गेल्या श्रावणात मी छत्री घेऊन गेलो. वाडीत शिरलो नाही, तुमच्या घरावरून जायला नको म्हणून लांबच्या वाटेनं गेलो. काळ्या, ओल्या कड्याचे फोटो काढले. घरी येऊन लिहिलं: "पाहणीच्या वेळी कड्यावर पक्ष्यांच्या वास्तव्याच्या खुणा आढळून आल्या नाहीत." या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. मी ते कितीतरी वेळा तपासलंय. खरं बोलून कसं फसवायचं, हे शिकायला मला बाहेर कुठं जावं लागलं नाही. तुम्ही विश्वासानं सांगितलेलं एक वाक्य पुरलं.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात होती. ग्रामसेवकांनी अहवाल वाचला, माझं नावही वाचलं. तुम्ही खांबाला टेकून बसला होतात. वाचन संपल्यावर तुम्ही बसल्या जागेवरूनच विचारलंत, "कड्याला कवा गेल्ता, भाऊसाहेब?"

"ऑगस्टमध्ये."

"म्हंजी श्रावणात."

"हो."

तुम्ही माझ्याकडं पाहत राहिलात. मंडपात कुणाला काही कळलं नव्हतं, लोक पुढचा विषय निघायची वाट बघत होते.

"भिजला असाल," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर पाण्याच्या पाईपचा विषय निघाला.

तात्या, या दोन शब्दांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. टोमणा होता का? मारायची वेळ होती तेव्हा तुम्ही कुणाला सोडत नव्हता, मग मलाच का सोडलंत? की खरोखरच एखादा माणूस एकटा पावसात एवढा वर चढला म्हणून तुम्हाला वाईट वाटलं? मी त्या दिवशी शिव्यांची वाट बघत होतो. तुम्ही उठून, हा माणूस खोटारडा आहे, असं म्हणाला असतात तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कधीतरी कबूलही केलं असतं. तुम्ही मला भांडणही दिलं नाहीत. पुढच्या बाजारी नेहमीसारखे घरी आलात, चहा घेतलात. दिवाळी होऊन गेली होती. आकडा तुम्ही सांगितला नाहीत, आणि मी विचारला नाही. आपल्यातला वाद तिथंच उभा राहिला, कपबशांच्या मधोमध.

मार्गशीर्षात तुमचं दुखणं निघालं. दवाखान्यातून शोभा तुम्हाला कामथडीला तिच्या घरी घेऊन आली. मी भेटायला आलो त्याच्या तीनच दिवस आधी मी पठारावर होतो. मंजुरी यायची होती, पण काठावर खोल्या कशा बसतील हे मालकांना जागेवर बघायचं होतं. मी फक्कीच्या रेषा मारत काठापर्यंत गेलो, हातात पांढऱ्या भुकटीचं घमेलं, आणि खाली वाकून पाहिलं. कडा पांढरा झाला होता. माझ्या हातातल्या फक्कीइतकाच पांढरा. अगदी खालच्या एका कपारीत एक गिधाड बसलं होतं. वरून मालकांच्या आणि माझ्या बोलण्याचा आवाज जात होता, तरी ते उठलं नाही. का उठलं नाही ते तुम्हीच मला शिकवलेलं. त्याच्याखाली अंडं होतं. मी पुढची रेषा मारली.

तर कामथडीला तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर होतात. हायवेवरचे ट्रक खोलीतून गेल्यासारखे जात होते. तुम्ही बारीक झाला होतात, दोन्ही हातांवर सुयांचे काळेनिळे डाग. मला बघून हसलात. "भाऊसाहेब, म्या मेल्यावर मला कड्यावर टाकायचं कुणाच्या मनात आलं तर न्हाई म्हना. लई सुया झाल्यात. पाखरं मरतील." शोभा तिथून उठून आत गेली. मी हसलो, कारण तुम्ही माझ्या हसण्याची वाट बघत होतात.

मग तुम्ही विचारलंत, "कडा पांढरा झाला का?"

मी बूट दारात काढले होते. त्यांच्यावर अजून फक्की होती.

"जाणं झालं नाही, तात्या."

"जावा एकदा," तुम्ही म्हणालात. "आता धुकं नसतं. चांगलं दिसतं." आणि डोळे मिटलेत. शोभानं चहा आणला. मी तो प्यायलो.

अहवालाचं मी एक वेळ समजू शकतो. माणसं कामासाठी, नावासाठी असं करतात, मीही केलं. पण मरायला टेकलेल्या माणसानं एकच बातमी विचारली आणि ती माझ्या खिशात होती. पांढरा झालाय, एवढं म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर तुम्ही कधी गेलात, कशाला गेलात असं विचारलं असतंत. ते टाळायला मी तुमच्यापासून तुमचा कडा लपवला. नंतर अकरा दिवस तुम्ही त्या खिडकीशी होतात. मी फोनही केला नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी खणातून आपला नकाशा काढला. एका कागदावर लिहिलं की माझी पाहणी पावसाळ्यात झाली, तेव्हा खुणा धुतलेल्या असतात हे मला ठाऊक होतं, आणि आता तिथं घरटी आहेत. पुन्हा पाहणी आताच्या दिवसांत करावी. सोबत दुसरा आराखडा जोडतो आहे, त्यात बांधकाम मागं घेऊन दोन्ही गोष्टी साधता येतात. नकाशावर एका बाजूला मी तुमचं नाव लिहिलं, मोजणीस मदत म्हणून.

कार्यालयातल्या कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला. स्वतःच्याच अहवालाविरुद्ध अर्ज आजवर आला नव्हता म्हणाले. कुणाचा दबाव आहे का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग आधी तसं का लिहिलंत, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, तेव्हा कडा धुतलेला होता. त्यांना ते समजलं नसावं. त्यांनी शिक्का मारून पोच दिली.

मालकांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. "हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं," म्हणाले, आणि यात त्यांचं काही चुकलं नाही. काम माझ्याकडून गेलं. दुसऱ्या नकाशाचं काय करणार, हे ते बोलले नाहीत. पुन्हा पाहणी होईल असं कार्यालयातून कळलं, कधी ते अजून कळलेलं नाही. फक्कीच्या रेषा तिथंच आहेत.

संतोष भोरला घरी आला. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. "तात्यानं केलं असतं तर म्या ऐकून घेतलं असतं," तो म्हणाला. "तो तोंडावर बोलायचा. तुमी त्याच्या माघारी श्याणं झालात." त्याची नोकरी लांबली ती माझ्यामुळं. मी वेळेवर खरं लिहिलं असतं तर एव्हाना जांभळींच्या मागं पाया खोदला गेला असता आणि संतोष तिथं कामाला असता. तुमच्या पक्ष्यांचा आणि तुमच्या पुतण्याचा, दोघांचाही अपराधी मीच.

जाता जाता त्यानं विचारलं, "त्या दुसऱ्या नकाशात गाड्या कुठं लागत्यात?" मी नकाशा जमिनीवर पसरला. तो उंबऱ्याच्या आत आला, उकिडवा बसला, जांभळींच्या रांगेवरून बोट फिरवत गेला. तुमच्या नावापाशी त्याचं बोट थांबलं. कागदाला घडी घालून माझ्या हातात दिला आणि गेला.

काल मी वाडीवर आलो होतो. या वेळी वाडीतून, तुमच्या घरावरून. दाराला कुलूप होतं. काठाकडं गेलो नाही, ओढ्यात उतरलो आणि तुमच्या दगडावर बसलो. दगड एका बाजूला झिजलेला आहे, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथं टेकलं की मान आपोआप वर होते. सकाळपासून दुपार होईपर्यंत बसलो. गिधाडं येत-जात होती. मी तुमच्यासारखा डावीकडून उजवीकडं मोजत गेलो, मग उलटा.

कडा पांढरा झालाय, तात्या. सहा पट्टे नक्की आहेत. उजव्या कोपऱ्याला, उंबराच्या वर, सातवा दिसतो, पण तो घरट्याचा आहे की नुसत्या रात्री बसायच्या जागेचा, ते मला ओळखता येत नाही. तुम्हाला बसल्या जागेवरून कळलं असतं. मी सहाच लिहिलेत. सातव्यासाठी परवा पुन्हा जातोय. आता धुकं नसतं.